शेजाऱ्याला पूर्वज म्हटले, त्याची दुरुस्ती

आजचा धागा म्हणजे एक दुरुस्ती आहे. ती एका ओळीत करता आली असती. पण चूक कुठून आली हे शोधू लागले, तेव्हा दीडशे वर्षांचा इतिहास हाती लागला. म्हणून सविस्तर लिहिते. धागा लांबणार आहे, सवडीने वाचा.

गेल्या महिन्यात प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यावर लिहिताना मी एक वाक्य सहज लिहून गेले होते : 'आजच्या मगरीचा २२ कोटी वर्षांपूर्वीचा पूर्वज आपल्या शेजारच्या या खोऱ्यात सापडला आहे.' सोबत पॅरासुकस नावाच्या प्राण्याच्या सांगाड्याचे रेखाचित्र जोडले होते. लांबलचक जबडा, त्यात अणकुचीदार दातांच्या रांगा, पाठीवर हाडांच्या चकत्यांचे चिलखत, जाड शेपूट. पाहणाऱ्याने दुसऱ्यांदा न पाहता मगर म्हणावे असे ते रूप. त्या साऱ्या लेखनातले हेच एक वाक्य सर्वांत अधिक लोकांनी पुढे पाठवले. 'पूर्वज' या शब्दाचे आपल्याकडे विलक्षण वजन आहे; तो उच्चारला की पुरावा मागण्याचे कोणाला सुचत नाही. मलाही सुचले नव्हते.

दोन दिवसांनी नववीतल्या एका वाचकाने विचारले, 'ताई, मगरीचं नाक तोंडाच्या टोकाला असतं. तुमच्या चित्रात ते डोळ्यांजवळ आहे. मग ते पुढे कधी गेलं?'

मी घाईत उत्तर दिले, 'उत्क्रांतीत हळूहळू सरकले असेल.' पाठवले आणि मग त्या 'असेल'ने झोप उडवली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे क्रियापद चांगले ओळखीचे असते. कागद संपला, पण वाक्य पूर्ण करायचे आहे, अशा जागी आम्ही ते वापरतो.

मुळात माझी वाट या प्राण्याकडे वळली ती जीवाश्मांमुळे नव्हे, रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांच्यामुळे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाचे नाव सर्वांना ठाऊक असते, त्या नावामागचा माणूस फारसा कोणाला ठाऊक नसतो. हे स्कॉटिश धर्मोपदेशक १८४५ मध्ये नागपुरात आले. तेव्हा तिथे तिसऱ्या रघुजी भोसल्यांचे राज्य होते. पुढे १८५३ मध्ये रघुजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने संस्थान खालसा केले, हा सारा काळ हिस्लॉप यांनी तिथेच पाहिला. शाळा चालवता चालवता ते मध्य प्रांतातील आदिवासींच्या चालीरीती, भाषा आणि गोंडांची गीते यांची टिपणे काढत. ती टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून छापली, आणि मी त्यांच्याकडे गेले ती त्या टिपणांसाठी.

त्यांचा दुसरा छंद दगडांचा. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर परिसराच्या भूरचनेवर आणि जीवाश्मांवर लिहिलेला निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात १८५५ मध्ये आला. नागपूरजवळच्या टाकळीचे गोड्या पाण्यातले शंखशिंपले, कोळशाच्या थरांतली ग्लॉसॉप्टेरिसची पाने, हे सारे त्यांनी गोळा केले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पुराने फुगलेल्या प्रवाहात ते बुडाले. वय अवघे ४५. शेवटचा दिवसही दगडांपाशीच गेला.

नागपूरहून दक्षिणेला उतरत गेले की वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि सिरोंचाच्या खाली ती गोदावरीला मिळते. या नदीच्या पश्चिमेला, आजच्या तेलंगणातल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात मालेरी नावाचे गाव आहे. हिस्लॉप यांच्या काळी हा निजामाचा मुलूख. तिथली तांबडी माती म्हणजे ट्रायासिक कालखंडाच्या उत्तरार्धातील, साधारण २२ ते २३ कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी आणून टाकलेला गाळ. फुप्फुसमाशांचे दात, चोचीसारखे तोंड असलेल्या ऱ्हिंकोसॉर प्राण्यांचे जबडे आणि मगरीसारख्या कोणा प्राण्याची हाडे या मातीतून मिळू लागली. त्यांतली काही तपासणीसाठी लंडनला गेली.

लंडनमध्ये ती पाहणारा माणूस होता थॉमस हेन्री हक्सली, डार्विनचा खंदा पाठीराखा. हक्सलीच्या मनात तेव्हा स्कॉटलंडमधील एल्गिनचा एक जुना घोळ घोळत होता. तिथल्या वालुकाश्मात सापडलेल्या खवल्यांच्या ठशांवरून लुई अगासीझ या मत्स्यजीवाश्मांच्या पंडिताने १८४४ मध्ये 'स्टॅगोनोलेपिस' असे नाव ठेवून तो मासा असल्याचे जाहीर केले होते. नावाचा अर्थ थेंबांच्या नक्षीचे खवले. हाडे मिळाल्यावर १८५८-५९ च्या सुमारास हक्सलीने दाखवले की हा मासा नाही, मगरीसारखे चिलखत असलेला सरपटणारा प्राणी आहे. यातून एक मोठी गोष्ट घडली. तो वालुकाश्म मत्स्ययुगातला मानला जात होता, तो प्रत्यक्षात बराच अलीकडचा ठरला. एल्गिनमध्येच हायपेरोडापेडॉन हा ऱ्हिंकोसॉर मिळाला होता आणि त्याचाच भाऊबंद मालेरीच्या मातीत निघाला. स्कॉटलंडचा समुद्रकिनारा आणि निजामाच्या राज्यातले एक खेडे यांचे वय जुळले. सनावळी नसलेल्या दोन दप्तरांचा काळ त्यांत येणाऱ्या एका समान व्यक्तीवरून ठरवावा, तसे हे झाले.

मालेरीच्या मगरसदृश प्राण्याला १८७० मध्ये हक्सलीने पॅरासुकस हे नाव दिले. ग्रीक लोक इजिप्तच्या मगरमुखी सोबेक देवाला 'सूखोस' म्हणत, त्यावरून 'सुकस' म्हणजे मगर; आणि 'पॅरा' म्हणजे शेजारी, लगतचा. मगरीच्या शेजारचा. नावात 'शेजारी' आहे, 'पूर्वज' नाही. मी ते नाव शंभरदा लिहिले असेन, पण त्याचा अर्थ त्या मुलाच्या प्रश्नानंतर पहिल्यांदा पाहिला.

मग माझ्या वाक्यातला पूर्वज आला कुठून? त्याचाही माग लागला, आणि गंमत म्हणजे तो हक्सलीपाशीच लागला. १८७५ मध्ये त्याने स्टॅगोनोलेपिस आणि मगरींची उत्क्रांती या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. डार्विनचे पुस्तक येऊन तेव्हा १६ वर्षे झाली होती. उत्क्रांती झाली हे अनेकांना पटू लागले होते, पण 'दगडात ती दाखवा' ही मागणी कायम होती. हक्सलीने मगरींवरून ती दाखवली. त्याने तीन पायऱ्या मांडल्या : पॅरासुकिया, मेसोसुकिया आणि युसुकिया. लगतच्या मगरी, मधल्या मगरी, खऱ्या मगरी. पहिल्या पायरीवर स्टॅगोनोलेपिस आणि पॅरासुकसच्या कुळातील युरोपीय प्राणी, दुसरीवर ज्युरासिक काळच्या मगरी, तिसरीवर आजच्या.

त्याची कसोटी होती नाकाचा आतला दरवाजा. आपल्या नाकपुड्यांतून आत गेलेली हवा घशात जिथे उघडते ते छिद्र. पहिल्या पायरीवरील प्राण्यांत ते तोंडात बरेच पुढे असते, दुसरीवर टाळूच्या मध्यभागी सरकते, आणि आजच्या मगरीत पार मागे, घशाच्या तोंडाशी जाते. मणक्यांची ठेवणही तशीच पायरीपायरीने बदलत जाते. मांडणी इतकी रेखीव होती की विश्वास ठेवण्याचा मोह व्हावा. मी ज्या जुन्या पाठ्यपुस्तकवजा लेखनावरून ते वाक्य उचलले, त्याच्या तळाशी हीच शिडी होती.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते, कारण शिडी नेमकी तिथेच मोडते.

पाण्यात दबा धरून बसणाऱ्या प्राण्यापुढे एक अडचण असते. तोंड पाण्यात, तोंडात भक्ष्य, आणि श्वास तर घ्यायचा आहे. मगरीने ही अडचण अशी सोडवली : बाहेरच्या नाकपुड्या मुस्कटाच्या टोकाला होत्या तिथेच ठेवल्या आणि तिथून घशापर्यंत टाळूच्या हाडातून एक नळी बांधली. मुस्कटाचे टोक पाण्याबाहेर असले की पुरे. तोंड पाण्याने भरलेले असले तरी हवा वरच्या नळीतून थेट घशात जाते. हक्सलीने मोजलेली सरकती खूण ही या नळीच्या बांधकामाची खूण होती.

पॅरासुकस आणि त्याचे सारे कुळ, ज्याला आज फायटोसॉर म्हणतात, त्यांनी दुसराच मार्ग धरला. त्यांनी बाहेरच्या नाकपुड्याच मागे, डोळ्यांच्या दिशेने आणून वर उचलल्या. हवा तिथून आत शिरते आणि जवळजवळ सरळ खाली उतरते. लांब नळीची गरजच नाही. पॅरासुकस हा या कुळातला आरंभीचा, म्हणून त्याच्या नाकपुड्या थोड्या पुढे आहेत. नंतरच्या फायटोसॉरांत त्या आणखी मागे जातात. म्हणजे काळ पुढे सरकतो तसे हे नाक मगरीच्या नाकापासून दूर जाते. 'मग ते पुढे कधी गेलं?' या प्रश्नाचे उत्तर : कधीच नाही. डोळ्यांजवळचे नाक पुन्हा टोकाला गेले आणि त्यातून मगर झाली, असे सांगणारा एकही दुवा दगडात नाही.

दोन घरांनी एकाच उन्हासाठी पडवी काढावी, एकाने पूर्वेला आणि दुसऱ्याने पश्चिमेला. आणि पडवी आहे म्हणून आपण दोघांना सख्खे ठरवावे, असे हे झाले होते. लांब जबडा, बाजूला वळणारी शेपूट, पाण्याच्या पातळीशी येणारे डोळे ही नदीत मासे पकडून जगण्याची साधने आहेत. गंगेतल्या घडियालाचा जबडाही असाच अरुंद आणि लांब असतो. ज्याला आपल्याकडे सुसर म्हणतात तोच हा, जरी बोलीत सुसर आणि मगर या शब्दांची सर्रास सरमिसळ होते. पॅरासुकसचे चित्र पाहून अनेकांनी मला 'हा घडियालच आहे' असे लिहिले होते. घडियाल गोदावरीत नाही. तिथे आज आहे ती मगर.

मगरीचे खरे जुने नातलग पाहिले, तर आपल्यापैकी कोणी त्यांना मगर म्हणणार नाही. पॅरासुकसच्या कुळाची चलती होती त्याच ट्रायासिक काळात ते हयात होते. वेल्समध्ये सापडलेल्या एका प्राण्याचे नावच टेरेस्ट्रिसुकस, म्हणजे भूचर मगर, असे ठेवले आहे. लहानसा, सडपातळ देह, लांब आणि अंगाखाली सरळ असलेले पाय, जमिनीवर चपळपणे धावण्याची ठेवण. मुंगसाची आणि सरड्याची सावली एकत्र पडावी असे काहीतरी. अमेरिकेच्या ॲरिझोनातला प्रोटोसुकस हा ज्युरासिकच्या आरंभीचा; त्याचेही मुस्कट आखूड आणि पाय जमिनीवर चालण्याजोगे. मगरीचे घराणे पाण्याबाहेर सुरू झाले आणि मग नदीत उतरले. पुढे त्याच्या शाखांनी काय काय करून पाहिले! ज्युरासिक समुद्रातल्या मेट्रिओऱ्हिंकसने पायांची वल्ही आणि शेपटीचा पर केला, चिलखत टाकून दिले. मादागास्करचा सिमोसुकस बोथट तोंडाचा आणि वनस्पती खाणारा निघाला. आपण 'मगर जशीच्या तशी कोट्यवधी वर्षे टिकली' असे म्हणतो, ते फक्त आज उरलेल्या एका शाखेकडे पाहून. या विषयावर स्वतंत्र धागा लिहायचा मोह होतो आहे, पण तूर्त आवरते.

फायटोसॉरांचे कुळ ट्रायासिकच्या अखेरीस, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी, नामशेष झाले. त्यांना वंशज नाहीत. मी ज्याला पूर्वज म्हटले होते त्याचे घर निर्वंश झाले आहे.

आता जरा वेगळी गोष्ट, पण याच चुकीच्या पोटातली. हक्सलीने नाव दिले, पण प्राण्याचे रीतसर वर्णन केले ते रिचर्ड लिडेकर यांनी, १८८५ मध्ये, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या प्रकाशनात. जातीचे नाव हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ : पॅरासुकस हिस्लोपी. लिडेकर यांच्यापुढे पूर्ण सांगाडा नव्हता. मुस्कटाचा एक तुकडा, कवटीच्या तळाचा भाग, काही चकत्या आणि दात एवढीच सामग्री. एकाच परिसरातून आलेले, एकाच रंगाचे, एकाच वयाचे तुकडे. त्यांनी ते एका प्राण्याचे धरले.

शंकर चॅटर्जी यांनी १९७० च्या दशकात ते पुन्हा तपासले, तेव्हा कवटीचा तळ चक्क ऱ्हिंकोसॉरचा निघाला. ज्या हाडांवर हे नाव उभे होते त्यांतला एक महत्त्वाचा भाग चोचीच्या, वनस्पती खाणाऱ्या, भलत्याच प्राण्याचा होता. फायटोसॉरांच्या नशिबी हा योग जुनाच दिसतो. त्यांच्या कुळाच्या नावाचा अर्थच 'वनस्पती-सरडा'. १८२८ मध्ये जर्मनीतील येगर यांना जबड्याचे जे तुकडे मिळाले, त्यांतल्या दातांच्या खळग्यांत गाळ भरून घट्ट झाला होता. त्या गाळाच्या खुंट्यांनाच त्यांनी दात समजले, आणि असे बोथट दात पाला चावायलाच असणार असा निष्कर्ष काढला. मांसाहारी प्राण्याच्या माथी शाकाहाराचे नाव कायमचे बसले.

लिडेकर यांना हसण्याचा अधिकार मला नाही. माझ्या एम.ए.च्या प्रबंधात एका वतनदार घराण्याची वंशावळ होती. ज्या मोडी बाडावर ती बेतली होती, ते एका खासगी संग्रहातले. आरंभी एक कैफियत, पुढे नावांची यादी, तिच्यात तीच गावे, तेच आडनाव, अक्षराचे वळणही सारखेच. मी दोन्ही मिळून एकच लेख धरला आणि आठ पिढ्या सलग जोडल्या. माझ्या मार्गदर्शक बाईंनी बाड हातात घेतले, वाचले नाही, नुसते पान उजेडासमोर धरले. पहिली पाने जुन्नरी हातकागदाची होती. पुढच्यांत गिरणीच्या कागदाचा पाणठसा चमकत होता. कोणीतरी नंतरच्या काळात दुसऱ्याच घराण्याची नक्कल करून ती याला शिवून टाकली होती. 'तू आडनावाला दोरा समजलीस,' एवढेच बाई म्हणाल्या. माझे चाळीस पानांचे प्रकरण त्या दुपारी गेले. राग कागदावर आला, शिवणाऱ्यावर आला; खरे पाहता मीच ते पान उजेडासमोर धरायला हवे होते.

म्हणून प्राणिशास्त्रज्ञांनी अशा घोळावर काय केले ते मी फार उत्सुकतेने वाचले. त्यांच्याकडे प्रत्येक नावाला एक मूळ नमुना बांधलेला असतो. पुढे कितीही सांगाडे मिळोत, 'हा तोच प्राणी आहे का' याचा निवाडा त्या नमुन्याशी ताडून होतो. मूळ नमुनाच दोन प्राण्यांची मिसळ, आणि उरलेला मुस्कटाचा तुकडा कुळातल्या एकापेक्षा अधिक प्राण्यांचा असू शकेल असा. मग नाव ठेवायचे की टाकायचे? चॅटर्जी यांनी २००१ मध्ये प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगापुढे अर्ज केला की जुन्या तुकड्यांऐवजी मालेरीच्याच मातीतला एक संपूर्ण सांगाडा या नावाचा आधार मानावा. आयोगाने २००३ मध्ये निर्णय क्रमांक २०४५ द्वारे तो मान्य केला. नाव राहिले, हिस्लॉप यांचे स्मरण राहिले, पाया बदलला. आणि हे सारे छापून, तारखेनिशी, कोणालाही पाहता येईल असे. आपल्याकडे वंशावळींच्या दुरुस्तीसाठी असा एखादा आयोग असता तर किती भांडणे मिटली असती, आणि किती नवी पेटली असती, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

तो संपूर्ण सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे. संख्याशास्त्राच्या संस्थेत जीवाश्म कसे, असे मलाही वाटले होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांना बोलावून तिथे भूविज्ञानाचे काम सुरू केले, आणि प्राणहिता-गोदावरीचे खोरे हे त्या मंडळींचे मुख्य कार्यक्षेत्र झाले. बारापासॉरस हा प्रचंड डायनोसॉर त्याच खोऱ्यातला. मालेरीच्या तांबड्या मातीत त्यांना पॅरासुकसचे दोन जवळजवळ पूर्ण सांगाडे मिळाले, सांधे न निखळलेले. हिस्लॉप यांच्या काळापासून सुटे तुकडे देणाऱ्या या मातीने एकदाचा सलग मजकूर दिला. १९७८ मध्ये चॅटर्जी यांनी त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

आणि या सांगाड्यांच्या पोटात आणखी सांगाडे होते. बरगड्यांच्या आत, जठराच्या जागी, एका लहान सरपटणाऱ्या प्राण्याची हाडे. भक्ष्य गिळले, पचायच्या आत मृत्यू आला, गाळाने दोघांना एकत्र झाकले. या गिळलेल्या प्राण्याचे १९८० मध्ये वर्णन झाले. त्याचे नाव मालेरिसॉरस रॉबिन्सोनाय. मालेरी गावाचे आणि पामेला रॉबिन्सन यांचे नाव त्यात एकत्र आले आहे.

या एका तपशिलापाशी मी बराच वेळ थांबले. जबडा पाहून 'हा मासे खात असणार' असे आपण म्हणतो. तो मासे खातही असेल, पण मरण्यापूर्वी त्याने खाल्लेला प्राणी पायांनी चालणारा होता, आणि याला पोटातलीच साक्ष आहे. माझ्या विषयात असा पुरावा क्वचित मिळतो. एखाद्या सरदाराचे शेवटचे पत्र, अर्धवट तुटलेले, शाई सांडलेले, त्याच्या बस्त्यातच सापडावे. कोणी नक्कल केलेले नाही, कोणी शिवलेले नाही. वाचताना आवाज आपोआप खाली येतो.

आता नात्याचा शेवटचा प्रश्न. पूर्वज नाही हे ठरले. मग शेजारी तरी किती जवळचा? अनेक वर्षे फायटोसॉरांना मगरींच्या मोठ्या गोतावळ्यातले सर्वांत आधी फुटलेले घर मानत. त्याला आधार होता घोट्याच्या हाडांचा. त्यांचा सांधा मगरीच्या सांध्यासारखा आहे. २०११ मध्ये स्टर्लिंग नेस्बिट यांनी कितीतरी प्राण्यांची शेकडो लक्षणे एकत्र मांडून नवा वंशवृक्ष काढला. त्यात फायटोसॉर या गोतावळ्याच्या बाहेर गेले. मगरी आणि पक्षी यांचे जे समाईक मूळ, त्याच्याही आधीच्या फाट्यावर त्यांची जागा आली. तसे असेल, तर मगरीला पॅरासुकसपेक्षा अंगणातली चिमणी जवळची ठरते. पुढच्या काही अभ्यासांत फायटोसॉर पुन्हा मगरींच्या बाजूला आले. वाद चालू आहे. तो घोट्याच्या आणि कवटीच्या हाडांवर चालू आहे, जबड्याच्या लांबीवर नाही, एवढा फरक १८७५ पासून पडला आहे.

हक्सलीची शिडी मोडली म्हणून त्याचे सारेच गेले असे मात्र समजू नका. पहिली पायरी तिथली नव्हती. तिच्यावर बसवलेला स्टॅगोनोलेपिस आज एटोसॉर नावाच्या चिलखती कुळात गणला जातो. हे कुळ मगरींच्या गोतातले खरे, पण मगरींचे पूर्वज नव्हे. वरच्या दोन पायऱ्यांत त्याने टिपलेली टाळूची नळी मात्र खऱ्या मगरींच्या घराण्यात खरोखरच त्याच क्रमाने मागे सरकलेली दिसते. युसुकिया हे त्याचे नाव अजून वापरात आहे. खालची पायरी काढून घेतल्यावरही वरचा जिना उभा राहिला, कारण तो आतल्या हाडांवर बेतला होता.

मूळ नोंद मी पुसलेली नाही. तिच्याखाली आजच्या तारखेने दुरुस्ती जोडली आहे : 'पॅरासुकस हा मगरीचा पूर्वज नाही. तो फायटोसॉर कुळातला असून हे कुळ ट्रायासिकच्या अखेरीस निर्वंश झाले.' ज्यांनी ते वाक्य पुढे पाठवले होते, त्यांनी ही ओळही पाठवावी, अशी विनंती. ती तेवढी दूर जाणार नाही, याची कल्पना आहे.

त्या नववीतल्या वाचकाला मी काल उत्तर लिहिले. नाकाचे, नळीचे, पोटातल्या सांगाड्याचे सारे सांगितले. तासाभरात त्याचा निरोप आला, 'ताई, मग तो पोटातला मालेरिसॉरस कोणाचा नातेवाईक?'

या वेळी 'असेल' लिहिले नाही. आधी शोधले. वर्णन झाले तेव्हा त्याला इओसुकियन नावाच्या एका जुन्या, ढोबळ गटात घातले होते. अलीकडच्या अभ्यासाने त्याला ॲझेंडोसॉरिड या निराळ्याच कुळात नेले आहे. त्यात त्याच्या जोडीला अमेरिकेच्या पश्चिम भागातले नातलगही निघाले आहेत. त्या कुळाची हाडे मी अजून नीट वाचलेली नाहीत. रविवारपर्यंत वेळ मागून घेतला आहे.